एकेका गळाने धरलेला मासा

(गोव्याच्या किनाऱ्यावरील एका गावी पारंपरिक मच्छीमारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रसिद्धी अधिकाऱ्याने मच्छीमारांपुढे माशांविषयी बोलावे, हे थोडे धाडसाचेच आहे. मी साहित्याचा पदवीधर. मला जाळे विणता येत नाही आणि होडीत बसलो की पोटात कालवते. समोरच्या रांगेतील वृद्ध रांपणकार आताच गालातल्या गालात हसत आहेत, ते मला दिसते आहे. तरीही मी उभा राहिलो, कारण मला एक कबुली द्यावयाची आहे. अनेक वर्षे मी प्रसिद्धिपत्रके लिहीत आलो. ‘मत्स्योत्पादनात इतक्या टनांची वाढ’ हे वाक्य त्यांत किती वेळा लिहिले, याची गणती नाही. तो मासा कोणत्या साधनाने धरला, धरणाऱ्याच्या पदरात काय पडले आणि पुढल्या वर्षासाठी समुद्रात काय उरले, हे त्या वाक्यात कधीच आले नाही. आज त्या राहून गेलेल्या भागाविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी आपल्या बाजारात फारशी प्रतिष्ठा नसलेला एक मासा घेतला आहे.

आपण ज्याला गेदर म्हणतो, मालवणकडे ज्याला कुपा म्हणतात, तो ट्यूनाच्या कुळातला. गोव्याच्या जेवणात इसवणाला पाट आणि गेदराला कोपरा, अशीच रीत आहे. त्याचे मांस लाल आणि रक्ताळ, म्हणून गृहिणी नाक मुरडतात. पण हे कूळ मोठे विलक्षण आहे. शिक्षक मित्रांनी मुलांना सांगावे, की ट्यूनाला थांबता येत नाही. तोंडातून पाणी आत घेऊन कल्ल्यांवरून जाऊ देण्यासाठी त्याला जन्मभर पोहतच राहावे लागते. बहुतेक माशांचे शरीर पाण्याइतकेच थंड असते; ट्यूनाचे स्नायू मात्र पाण्याहून उबदार राहतात. असा मासा एका देशाच्या हद्दीत राहत नाही. तो आज लक्षद्वीपच्या पाण्यात असेल, तर पुढे मालदीवच्या, त्याहीपुढे आफ्रिकेच्या बाजूस. म्हणून त्याची राखण कोणा एका सरकारला करता येत नाही.

या कुळात पोटावर लांबट काळ्या रेघा असलेला एक मासा आहे. इंग्रजीत त्याला स्किपजॅक म्हणतात. तो लवकर वयात येतो आणि उष्ण समुद्रात वर्षभर अंडी घालतो. पिवळ्या परांचा यलोफिन मोठा होतो, पण वयात येण्यास त्याला अधिक काळ लागतो. पुढच्या विवेचनासाठी एवढा भेद ध्यानात ठेवावा.

आता आपल्या दक्षिणेस जाऊ. कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर, लक्षद्वीपच्या अगदी दक्षिण टोकाला मिनिकॉय नावाचे बेट आहे. ते पाच चौरस किलोमीटरहूनही लहान. लोकांची भाषा महल, मालदीवच्या भाषेशी सख्खे नाते सांगणारी. वस्ती लहान लहान गावांत विभागलेली, आणि गावाच्या प्रमुखाला बोडुकाका म्हणतात. या बेटावरचे लोक पिढ्यान् पिढ्या काठी आणि गळ यांनी ट्यूना धरीत आले आहेत. जाळ्याने नव्हे.

ही रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. खलाशी खोल समुद्राकडे जाण्याआधी बेटाला लागून असलेल्या उथळ, प्रवाळाने वेढलेल्या पाण्यात जातात. त्या पाण्याला लगून म्हणतात. तेथे बारीक जाळीने बोटभर लांबीचे चंदेरी मासे धरतात. त्यांतल्या एका जातीला मिनिकॉयचे लोक होंडेली म्हणतात. हे मासे जिवंत ठेवावे लागतात. त्यासाठी नौकेतच हौद असतो आणि त्यात समुद्राचे पाणी सतत खेळते ठेवतात. मग नौका बाहेर पडते. तांडेलाची दृष्टी पाण्यावर कमी आणि आकाशात अधिक, कारण जेथे समुद्रपक्षी घिरट्या घालतात तेथे खाली ट्यूनाचा थवा असतो. थव्यापाशी पोहोचल्यावर एकजण मूठमूठ जिवंत मासे पाण्यात फेकू लागतो. दुसरीकडून पाण्याचे शिंतोडे उडवीत राहतात, म्हणजे पृष्ठभाग खळबळलेला दिसतो आणि ट्यूनाला भक्ष्याची गर्दी झाली असे वाटते. नौकेच्या मागल्या बाजूस ओळीने उभे राहिलेले खलाशी काठ्या टाकतात. गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की तो हवेतून थेट नौकेत येऊन पडतो, गळ आपोआप सुटतो आणि काठी पुन्हा पाण्यात जाते. थवा निघून गेला की काम संपले.

यात कासव सापडत नाही, डॉल्फिन गुदमरत नाही, आणि एका काठीला एका वेळी एकच मासा लागतो. ही रीत कोणा शास्त्रज्ञाने शोधून दिलेली नाही.

१९५९ मध्ये लक्षद्वीपमध्ये मत्स्यव्यवसाय खाते सुरू झाले आणि १९६० नंतरच्या दशकात नौकांना यंत्रे बसू लागली. विशेष हे, की यंत्र आले तरी रीत बदलली नाही. उलट मिनिकॉयची काठी अगत्तीसारख्या अन्य बेटांवर पोहोचली. यंत्र आले की जुने मोडणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. ते गृहीत तपासून पाहावयास हवे.

किनाऱ्यावर मासा आला की पुढचे काम बऱ्याच अंशी बायकांचे. ट्यूनाचे लांब तुकडे करून खाऱ्या पाण्यात उकडतात, धुरावर धरतात आणि उन्हात वाळवितात. त्याला मास म्हणतात. तो लाकडासारखा कठीण होतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. मात्र टिकाऊ मालालाही गिऱ्हाईक लागते, आणि बेटावर गिऱ्हाईक नसते. माल मुख्य भूमीकडे पाठवावा लागतो, आणि भाव तेथला व्यापारी सांगेल तो. मासा राखून धरणाऱ्याला त्या राखण्याचा मोबदला मिळत नाही, ही या व्यवसायातील खरी दुखरी जागा आहे. शेजारच्या मालदीवने येथे एक पाऊल पुढे टाकले. तेथील काठीने धरलेल्या स्किपजॅकला २०१२ मध्ये एमएससी या संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले, आणि डब्यावरचे ते चिन्ह पाहून परदेशी ग्राहक माल घेऊ लागले.

दुसरी दुखरी जागा लगूनमध्ये आहे. होंडेली नाही तर काठी व्यर्थ. ती उथळ पाण्यात, प्रवाळाच्या आसऱ्याने वाढते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापल्याने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले, पुष्कळ मेले. म्हणजे खोल समुद्रातला मोठा मासा टिकवायचा, तर गुडघाभर पाण्यातल्या बोटभर माशाची काळजी घ्यावयाची, असा हा उलटा हिशेब आहे.

बाहेरचे चित्र निराळे आहे. १९८० नंतरच्या दशकात युरोपची मोठमोठी पर्ससीन जहाजे हिंद महासागरात उतरली. ती समुद्रात तराफे सोडून देतात. तराफ्याच्या सावलीखाली मासे जमतात, आणि मग थव्याभोवती जाळे आवळले जाते. सावलीत स्किपजॅकसोबत यलोफिनची अल्पवयीन पिलेही जमतात. मघाशी सांगितलेला भेद येथे उपयोगी पडतो: जो उशिरा वयात येतो, तो एकदाही अंडी न घालता डब्यात जातो. हिंद महासागरातील ट्यूनाची राखण पाहणारा आंतरराष्ट्रीय आयोग सेशेल्समध्ये आहे व भारत त्याचा सदस्य आहे. २०१५ मध्ये यलोफिन प्रमाणाबाहेर मारला गेल्याचा निष्कर्ष या आयोगाने काढला आणि पुढील वर्षी पकड कमी करण्याची योजना आखली. कोणी किती कमी करावे, यावर मग वर्षानुवर्षे वाद झाला. लहान देशांचे म्हणणे असे, की रोग ज्याने वाढविला त्याने आधी पथ्य पाळावे. मला ते रास्त वाटते.

तथापि लहान नौका म्हणजे निर्दोष, असे आपण समजू नये. या महासागरातील सुमारे निम्मा ट्यूना किनारी देशांच्या लहानमोठ्या नौकाच धरतात, आणि अरबी समुद्रात रात्रभर तरंगत ठेवलेल्या लांबलचक जाळ्यांत कासवे व डॉल्फिनही मरतात. अडीच किलोमीटरहून लांब अशी जाळी खुल्या समुद्रात वापरू नयेत, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्येच केला आहे.

हे सारे आपल्या गावात का सांगितले? कारण १९७० नंतरच्या दशकात हाच प्रश्न या वाळूवर उभा राहिला होता. रांपण ओढावयास सारा वाडा लागतो आणि मासळीची वाटणीही साऱ्या वाड्यात होते. किनाऱ्यालगत ट्रॉलर आले तेव्हा रांपणकार उठले, मोर्चे निघाले, झटापटी झाल्या. त्या चळवळीतून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. पुढे २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. कायदे आहेत. ते पाण्यावर किती दिसतात, हे येथे बसलेले लोक माझ्याहून चांगले जाणतात, आणि खात्यातील माझ्या सहकाऱ्यांनी आज ते शांतपणे ऐकून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

गेदराविषयी मात्र एक गोष्ट कायद्याची वाट न पाहता करता येईल. हा मासा उबदार शरीराचा, म्हणून लवकर बिघडतो. बिघडला की त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते खाऊन तोंड लाल होते, डोके दुखते, अंगावर पुरळ उठते आणि कितीही शिजविले तरी ते द्रव्य जात नाही. ट्यूना बाधतो असे म्हणतात, तो बहुधा असा. पकडताच रक्त काढून बर्फात पुरला, तर तोच मासा चांगल्या भावाला लायक होतो. दहा टोपल्या उघड्यावर आणण्याऐवजी पाच टोपल्या बर्फात आणल्या, तर समुद्रात मासा उरतो आणि घरात पैसाही. पण त्यासाठी पहाटे किनाऱ्यावर बर्फ मिळावयास हवा, आणि तो मिळत नाही, अशी तक्रार मी आज येथे येताच तिघांकडून ऐकली. बाजारात मासे विकणाऱ्या भगिनींनी तर सांगितले, की बर्फाचा खर्च निघाला नाही तर दुपारी टोपली मिळेल त्या भावाला द्यावी लागते.

त्या तिन्ही तक्रारी मी लिहून घेतल्या आहेत. बर्फाचा प्रश्न, नौकांची नोंदणी आणि विमा यांविषयी खात्याचे अधिकारी आता आपल्याशी बोलतील. विकणाऱ्या भगिनींना सांजच्या बाजाराला जावयाचे आहे, म्हणून त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत.