ख्रिस बॉशने काय सोडलं? मायामीच्या तिघांची गोष्ट

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की एनबीएमधल्या ‘सुपरटीम’वर कधी बोलणार. तर आज बोलू. सगळ्या सुपरटीम घेत बसलो तर रात्र होईल, म्हणून एकच घेतोय. २०१० ची मायामी हीट. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश.

सुरुवात थोडी मागून करू. २००३ चा ड्राफ्ट. लेब्रॉन पहिला, क्लीव्हलँडला. बॉश चौथा, टोरांटोला. वेड पाचवा, मायामीला. २००६ मध्ये तिघांचे करार वाढवायची वेळ आली, तेव्हा तिघांनीही मुद्दाम लहान करार घेतले. म्हणजे काय, तर २०१० च्या उन्हाळ्यात तिघंही एकाच वेळी मोकळे होणार. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेलेला कार्मेलो अँथनी, त्याने मोठा करार घेतला आणि अडकून बसला. २००८ मध्ये हे तिघं बीजिंग ऑलिम्पिकला अमेरिकेकडून एकत्र खेळले, गोल्ड जिंकले. आता त्या जेवणाच्या टेबलावर काय शिजलं ते त्यांनाच माहीत, पण तारखा मात्र अगदी बरोबर जुळून आल्या.

आता पैशाचं गणित बघा, कारण खरी मजा तिथे आहे. एनबीएमध्ये सॅलरी कॅप असते. आयपीएलमध्ये टीमची पर्स असते ना, साधारण तसंच. फरक एवढाच की आयपीएलमध्ये खेळाडू लिलावात उभा राहतो आणि हातोडा पडेल तिथे जातो. एनबीएमध्ये करार संपला की तुम्ही फ्री एजंट, जागा असेल त्या टीमशी तुम्ही स्वतः बोलायचं. २०१०-११ ची कॅप होती साधारण ५ कोटी ८० लाख डॉलर. या तिघांना प्रत्येकी पहिल्या वर्षी साधारण १ कोटी ६५ लाख घेता आले असते. तिघांचे मिळून झाले जवळपास ५ कोटी. उरलेल्या पैशात बाकीची टीम कशी उभी करणार?

म्हणून तिघांनी कमी घेतले. लेब्रॉन आणि बॉशने साधारण १ कोटी ४५ लाख, वेडने त्याहून थोडे कमी. वेड त्या टीमचा जुना मालक असल्यासारखा होता, २००६ ची ट्रॉफी त्यानेच आणलेली, आणि सगळ्यात कमी त्यानेच घेतले. मायामीने जागा करायला मायकल बीझलीसारखा पोरगा, ज्याला दोनच वर्षांपूर्वी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर घेतलं होतं, तो जवळजवळ फुकटात मिनेसोटाला देऊन टाकला. आता कोणी म्हणेल, फ्लोरिडामध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे एवढं काही नुकसान झालं नाही. बरोबर आहे. त्याग वगैरे मोठे शब्द मी वापरत नाहीये. पण सही करताना समोर दिसणारा आकडा कमी होता आणि तो त्यांनी स्वतः कमी करून घेतला, हेही खरंच.

मग ८ जुलै २०१०. टीव्हीवर स्पेशल कार्यक्रम, लेब्रॉन सांगणार कुठे जातोय ते. जाहिरातींचे पैसे मुलांच्या संस्थेला गेले, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिलं ते हे, की क्लीव्हलँडने सात वर्षं ज्याला डोक्यावर घेतलं त्याने त्यांना लाइव्ह टीव्हीवर सोडलं. लोकांनी जर्सी जाळल्या. मालक डॅन गिल्बर्टने रागाने एक खुलं पत्र लिहिलं, तेही कॉमिक सॅन्स फाँटमध्ये (फाँटबद्दल मी माफ करू शकत नाही). लीगने त्याला १ लाख डॉलर दंड केला. दुसऱ्या दिवशी मायामीत स्टेजवर धूर, लाइट, नाच, आणि लेब्रॉन बोटं मोजतोय: एक नाही, दोन नाही, तीन नाही... असं करत सातपर्यंत. एकही मॅच न खेळता!

इथे माझं एक मत आहे. राग कशाचा होता? तीन स्टार एकत्र आले याचा नाही. तीनच वर्षांपूर्वी बॉस्टनने रे अ‍ॅलन आणि केव्हिन गार्नेटला ट्रेड करून पॉल पिअर्सच्या जोडीला आणलं होतं. २४ मॅच जिंकणारी टीम पुढच्या वर्षी ६६ जिंकली, चॅम्पियन झाली आणि सगळ्यांनी मॅनेजरचं कौतुक केलं. मायामीत तेच काम खेळाडूंनी केलं, तर ते ‘शॉर्टकट’ झालं. मालकाने खेळाडू हलवला की तो बिझनेस, खेळाडू स्वतः हलला की तो गद्दार. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. कार्यक्रम मात्र वाईट होता, त्यात वाद नाही. क्लीव्हलँडला आधी एक फोन करायला काय जात होतं?

असो. एकत्र येणं सोपं होतं, खेळणं नाही. पहिल्या १७ मॅचमध्ये ९ विजय, ८ पराभव. अडचण साधी होती. लेब्रॉन आणि वेड दोघांनाही हातात बॉल लागतो, दोघंही बास्केटकडे घुसतात, आणि दोघांचाही लांबचा शॉट भरवशाचा नाही. दोन ड्रायव्हर, एकच स्टिअरिंग. आधी तू, मग मी, असं चाललेलं. तरीही ते फायनलला पोहोचले, आणि तिथे डलासच्या डर्क नोविट्स्कीने त्यांना ४-२ ने हरवलं. चौथ्या मॅचमध्ये लेब्रॉनचे पॉइंट किती? ८. अख्खी अमेरिका हसली.

आता येतो बॉश. टोरांटोत शेवटच्या सीझनला हा माणूस मॅचला २४ पॉइंट आणि जवळपास ११ रिबाउंड काढत होता. टीमचा राजा. मायामीत पहिल्याच वर्षी १९ च्या खाली आला, पुढे अजून कमी. पण आकडा सोडा, त्याची जागाच बदलली. तो बास्केटजवळ पाठ करून खेळणारा उंच खेळाडू. लेब्रॉन आणि वेड घुसायला लागले की तिथे आधीच गर्दी. मग कोच एरिक स्पोल्स्ट्राने त्याला हळूहळू बाहेर काढलं. बॉश लांब उभा राहिला की त्याला गार्ड करणारा समोरचा उंच खेळाडूही बास्केट सोडून बाहेर येतो आणि मधला रस्ता मोकळा होतो. २०१२ च्या प्लेऑफमध्ये बॉश पोटाच्या दुखापतीने बाहेर बसला, तेव्हा टीमला लहान उंचीची माणसं घेऊन खेळावं लागलं. तो परत आल्यावर फायनलमध्ये त्यालाच सेंटर केलं. मायामीने ओक्लाहोमा सिटीला ४-१ ने हरवलं. आज बऱ्याच टीमचे सेंटर थ्री-पॉइंटर मारतात, तेव्हा हे एवढं सरळ नव्हतं.

म्हणजे दिवसभर सेंटरशी धक्काबुक्की करायची, मग पळत कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, आणि बॉल येईलच असं नाही. आणि टीव्हीवर लोक म्हणणार, हा कसला सुपरस्टार! नंतर एका मुलाखतीत त्याने याची तुलना जेवणाशी केली होती. आधी स्टार्टर, गोड, पेय सगळं मनासारखं मिळायचं, आता फक्त मेन कोर्स येतो आणि त्यातच खूश राहायचं. मला ते एकदम पटलं. ताट तेच, पण वाटी-वाटीने गोष्टी कमी होतात.

आणि मग १८ जून २०१३. आपल्याकडे १९ ची सकाळ. सॅन अँटोनियोविरुद्ध फायनलची सहावी मॅच, मायामी मालिकेत २-३ ने मागे. मी तेव्हा अकरावी संपवून बारावीच्या क्लासला जायचो, दहाची बॅच. मॅच साडेसहाला सुरू झालेली, आई दोनदा ओरडून गेलेली. २८ सेकंद उरले, मायामी ५ पॉइंटने मागे. कोर्टभोवती पिवळी दोरी आणली जात होती, ट्रॉफी द्यायच्या तयारीची. मायामीचेच प्रेक्षक उठून निघाले होते. मीही टीव्ही बंद केला आणि सायकल काढली.

तुम्हाला पुढचं माहीतच असेल. लेब्रॉनने एक थ्री मारला. सॅन अँटोनियोचा कवाय लेनर्ड दोनपैकी एक फ्री थ्रो चुकला. फरक ३. लेब्रॉनचा पुढचा थ्री हुकला. आणि त्या गर्दीत वर गेलेला हात बॉशचा. रिबाउंड घेतला, स्वतः शॉट नाही घेतला, कोपऱ्याकडे मागे सरकणाऱ्या रे अ‍ॅलनला पास दिला. तोच रे अ‍ॅलन, जो वर्षभरापूर्वी बॉस्टन सोडून कमी पैशात मायामीला आला होता. थ्री. ५.२ सेकंद बाकी, बरोबरी. ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणी डॅनी ग्रीनचा शॉट ब्लॉक केला, तोही बॉशने. १०३-१००. मला हे क्लासच्या बाहेर एका मित्राच्या मोबाइलवर कळलं आणि मी दोन दिवस स्वतःला शिव्या घालत होतो.

सातव्या मॅचमध्ये लेब्रॉनने ३७ पॉइंट मारले, मायामी चॅम्पियन. बॉशचे पॉइंट? शून्य. खरंच शून्य. मला हा स्कोअरकार्डमधला सगळ्यात आवडता आकडा आहे. टोरांटोत असता तर त्या शून्यावर टीम वीसने हरली असती आणि दुसऱ्या दिवशी सगळे पेपर त्याच्यावर तुटून पडले असते.

२०१४ ला सॅन अँटोनियोने ४-१ असा बदला घेतला आणि लेब्रॉन क्लीव्हलँडला परत गेला. चार वर्षं, चार फायनल, दोन ट्रॉफ्या. सात नाही. नंतर बऱ्याच जणांनी हीच रेसिपी करून बघितली. ब्रुकलिनमध्ये ड्युरँट, हार्डन आणि अर्विंग आले, कागदावर मायामीपेक्षा भारी. तिघं एकत्र किती मॅच खेळले? १६. दुखापती, लस न घेण्याचा वाद, रुसवे-फुगवे, आणि संपलं.

बॉशला मोठा करार शेवटी मिळाला, लेब्रॉन गेल्यावर. पण रक्ताच्या गुठळ्यांमुळे २०१६ नंतर तो एकही मॅच खेळू शकला नाही. ऐन तिशीत. मार्च २०१९ मध्ये मायामीने त्याची १ नंबरची जर्सी छताला लावली. वेड तेव्हा त्याच्या शेवटच्या सीझनमध्ये होता, त्याच टीमकडून खेळत होता. यूट्यूबवर त्या रात्रीचं बॉशचं भाषण आहे, वेळ मिळाला की बघा.

पुढच्या भागात ड्युरँट गोल्डन स्टेटला गेला, त्यावर बोलू. तिथे माझं मत एवढं मवाळ नसणार आहे. चला, भेटू!