निवाडा हा पाया, कळस नव्हे

वेतन मागणी-पुरवठ्यानेच ठरते, असे अर्थशास्त्र शिकवीत आले. ऑस्ट्रेलियात १९०७ साली हार्वेस्टर खटल्यात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी वेगळाच प्रश्न विचारला: माणूस म्हणून जगण्यास कामगाराला किती लागते? अकुशल कामगारासाठी उत्तर आले, रोज ७ शिलिंग. पुढील औद्योगिक निवाड्यांना, म्हणजे ‘ॲवॉर्ड’ना, हाच आधार मिळाला. परंतु त्या हिशेबातला कामगार म्हणजे कुटुंबाचा पोशिंदा पुरुष. समान मूल्याच्या कामाला समान वेतन हे तत्त्व स्त्रियांसाठी १९७२ साली मान्य झाले. आजही तेथील निवाडा अख्ख्या उद्योगासाठी वा व्यवसायासाठी किमान वेतन, कामाचे तास, जादा कामाचा मोबदला ठरवितो. त्याखाली जाण्याची मालकाला मुभा नाही. त्यावर चढणे मात्र संघटनेच्याच बळावर अवलंबून आहे.