प्रवेशापासून पदवीपर्यंत



आजचा विषय शिक्षणाचा आहे आणि बोलणारा माणूस कॉलेजची पायरी न चढलेला आहे. जे वाचले ते पाळी संपल्यावर, दिव्याखाली वाचले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. परंतु युनियनच्या कामात एक गोष्ट अंगवळणी पडते. दुसऱ्याच्या घामाचा पैसा हातात घ्यायचा आणि त्याचा हिशेब चारचौघांत द्यायचा, ही ती गोष्ट. गरीब विद्यार्थ्यांच्या नावाने समाजात जो पैसा उभा राहतो, त्याच्याकडे मी आज त्याच खजिनदाराच्या नजरेने पाहणार आहे.

आपल्या गावात देणगीदारांची उणीव नाही. ट्रस्ट आहेत, जातीजातींचे फंड आहेत, कंपन्यांचे निधी आहेत. दरवर्षी जून-जुलैत सभा भरते, गुणवंत मुलांना पाकिटे दिली जातात, हार घातले जातात. किती मुलांना मदत दिली, हे अहवालात ठळक छापलेले असते. पण तीन वर्षांपूर्वी ज्यांना पाकीट दिले, त्यांपैकी पदवी घेऊन किती बाहेर पडले, हे कोणत्या अहवालात असते? मंडळी, मोजायचा आकडा तो आहे. प्रवेशाला मदत करणे सोपे. पदवीपर्यंत पोचवणे ही निराळी विद्या आहे, आणि आजचे माझे बोलणे त्या विद्येविषयी आहे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही १९०८ साली वसतिगृह निघाले. महाराज राजे होते, मनात आणले असते तर नुसती फी माफ करून थांबले असते. त्यांनी ओळखले की खेड्यातल्या मुलाला शहरात शाळेच्या आधी छप्पर लागते, दोन वेळची भाकरी लागते. ती नसेल तर माफ केलेली फी त्याच्या काय कामाची?

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षांची. हे दान कसे होते पाहा. रक्कम ठरलेली, महिना ठरलेला, मुदत ठरलेली. परक्या देशात विद्यार्थ्याला उद्याची चिंता करावी लागली नाही, आणि कोलंबिया विद्यापीठातल्या त्या वर्षांतून काय निर्माण झाले ते जगाला ठाऊक आहे. पण याच कथेची दुसरी बाजूही खजिनदाराने वाचली पाहिजे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा बाबासाहेबांचा लंडनमधला अभ्यास अर्धवट होता, आणि तो तसाच टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीसाठी गेले, तर त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून आणि इतरांची मदत घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या उदार मदतीतही मुदत कामाच्या आधी संपली तर काय होते, याचे याहून मोठे उदाहरण सापडणार नाही. बाबासाहेबांसारखा पुरुष तुटलेला धागा पुन्हा जोडू शकला. सर्वसाधारण मुलाचा धागा एकदा तुटला की बहुधा तुटतोच.

तिसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे करून ‘कमवा आणि शिका’ ही रीत कॉलेजात आणली. या रीतीत पैसा तर होताच, पण मान त्याहून अधिक होता. मुलगा भीक घेत नव्हता, श्रम देत होता. आणि चौथे उदाहरण पुन्हा बाबासाहेबांचे. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, ते सकाळचे. नोकरी करणाऱ्या मुलाला शिकता यावे म्हणून वर्ग त्याच्या कामाच्या वेळेआधी भरवले. गरिबाला पैशाइतकीच वेळेचीही टंचाई असते, हे तेथे ओळखले गेले.

या चौघांकडून चार गोष्टी मिळतात. डोक्यावर छप्पर, ठरल्या तारखेला हाती पडणारी रक्कम, अभ्यासाला वेळ, आणि मान. या चारांपैकी आजच्या मदतीत किती सापडतात?

सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासूनची आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिचा भार केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के उचलावा असे ठरले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. हे चांगले झाले. पण फी माफ झालेली मुलगी शहरात राहते कोठे? खोलीचे भाडे, खाणावळ, बसचा पास, पुस्तके, परीक्षेच्या काळात बुडालेली मजुरी, यांचा आकडा पुष्कळदा फीच्या वर जातो. आणि शिष्यवृत्ती मंजूर होणे निराळे, हाती पडणे निराळे. पगार मंजूर आहे असे सांगून चार महिने न देणाऱ्या मालकाला आम्ही काय म्हणतो ते येथे सांगत नाही. पण विद्यार्थ्याच्या बाबतीत तेच घडले की आपण त्याला कार्यालयीन विलंब म्हणतो.

संपाचा अनुभव असा आहे की संप पहिल्या आठवड्यात मोडत नाही. पहिल्या आठवड्यात गेटवर गर्दी असते, घोषणा असतात. संप मोडतो तो किराणा दुकानदार उधारी बंद करतो तेव्हा. गरीब विद्यार्थ्याचे शिक्षणही असेच मोडते. प्रवेशाच्या दिवशी सगळे पाठीशी असतात. पुढे दुसऱ्या सत्रात एकदोन विषय राहतात, घरी आजारपण निघते, खाणावळीचे दोन महिने थकतात, आणि मुलगा ‘महिनाभर कामाला जाऊन येतो’ म्हणून जातो तो परत येत नाही. त्या वेळी त्याला थोड्याच रकमेची गरज असते, पण ती आठ दिवसांत हवी असते. आपला ट्रस्ट मात्र त्याला पुढच्या जूनमध्ये अर्ज करायला सांगतो.

आता जरा दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत दानाचा पैसा अफाट आहे, आणि तेथे त्याच्या परिणामाचा हिशेबही मांडला जातो. २००४ साली लुमिना फाउंडेशन या मोठ्या दानसंस्थेने एक योजना सुरू केली. गरीब मुले ज्यांत शिकतात अशा २६ कम्युनिटी कॉलेजांना पाच वर्षांसाठी प्रत्येकी साडेचार लाख डॉलर देऊ केले. कॉलेजांनी आपली माहिती तपासावी आणि उपाय शोधावेत, अशी कल्पना. २०११ साली परीक्षण झाले तेव्हा आढळले की कॉलेजे कामाला लागली होती, माहिती ठेवू लागली होती, परंतु एकंदर विद्यार्थ्यांच्या यशात फारसा फरक पडलेला नव्हता. कारणही स्पष्ट होते. उपाय पुष्कळ काढले, पण बहुतेक लहान राहिले. थोड्या मुलांपर्यंत पोचले आणि थोडाच वेळ टिकले. पिकाला पाणी द्यायचे सोडून सगळ्या शिवारात शिंपडत गेले, तर मूळ कोठेच भिजत नाही.

याच्या उलट न्यूयॉर्क शहरात घडले. तेथील सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली एक योजना काढली. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकायचे, सल्लागाराला नियमित भेटायचे. त्याबदल्यात फीतली उरलेली तूट भरून द्यायची, पुस्तके द्यायची, आणि प्रवासाचा मासिक पास द्यायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशीच मुले ठेवायची. त्याच कॉलेजांत एरवी एका सल्लागाराकडे सहाशे ते पंधराशे मुले असत. या योजनेची परीक्षाही चोख झाली. ८९६ गरीब विद्यार्थी घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. काहींना योजनेत घेतले, काहींना नेहमीच्या रीतीने शिकू दिले. तीन वर्षांनी योजनेतल्या शंभरांपैकी ४० जणांनी पदवी मिळवली होती, बाकीच्यांत शंभरांपैकी २२ जणांनी. पुढे ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांत खाजगी दानसंस्थांच्या साहाय्याने हीच रीत लावली, तेथे आकडे ३५ आणि १९ असे आले.

खर्चाचे काय? न्यूयॉर्कमध्ये या रीतीत दर विद्यार्थ्यामागे सुमारे ६० टक्के खर्च जास्त आला. हे ऐकून आपला खजिनदार दचकेल. पण त्याने भागाकार पुढे नेला पाहिजे. पदव्याच जवळजवळ दुप्पट झाल्यामुळे, दर पदवीमागचा खर्च उलट कमी पडला. स्वस्तात शंभर मुलांना कॉलेजच्या दारात सोडून येणे, हे शेवटी महाग पडते.

येथे एक अवघड प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. ट्रस्टकडे रक्कम तेवढीच. शंभर मुलांना थोडे थोडे द्यायचे ऐवजी चाळिसांना पुरते द्यायचे, तर उरलेल्या साठांना नाही म्हणायचे कोणी? नाही म्हणणे कठीण असते, विशेषतः समोर आई हात जोडून उभी असते तेव्हा. पण शंभरांना अर्धवट हो म्हणणे हेही पुष्कळांना नाहीच म्हणणे आहे. फरक इतकाच की ते नाही दोन वर्षांनी, आपल्या पाठीमागे ऐकू येते. यावर कामगारांना ठाऊक असलेला उपाय एकच, एकत्र फंड. गावात पाच ट्रस्ट एकाच हुशार मुलाला पाच पाकिटे देतात आणि त्याच्या शेजारच्या मुलाला कोणीच देत नाही. पाचांनी मिळून एक यादी करावी, एक हिशेब ठेवावा, तर नाही म्हणायची पाळी पुष्कळ कमी येईल.

दुसरी शंका अशी की फुकट मिळाले की मुले आळशी होतात. न्यूयॉर्कच्या योजनेत प्रवासाचा पास मिळत राहावा म्हणून मुलांना हजर राहावे लागे, सल्लागाराला भेटावे लागे. कर्मवीरांच्या वसतिगृहात श्रम होते. तेव्हा अट असावी, अवश्य असावी. पण ती अभ्यासाकडे नेणारी असावी. मुलाने सभेत उभे राहून आपल्या गरिबीची कथा सांगावी, देणगीदाराबरोबर फोटो काढावा, ही अट अभ्यासाकडे नेत नाही. ती त्याची मान खाली घालायला लावते. आणि श्रमाची अटही बेताची हवी. रात्रपाळी करून सकाळी वर्गात पेंगणाऱ्या मुलाला ‘कमवा’ साधते, ‘शिका’ साधत नाही.

कंपन्यांच्या प्रतिनिधींना दोन शब्द. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. या कंपन्या इमारत देतात, संगणक देतात, कारण त्यावर पाटी लावता येते. सल्लागाराचा पगार द्या म्हटले की सांगतात, व्यवस्थापनाचा खर्च ५ टक्क्यांवर जाऊ देता येत नाही. २०२१ साली सुधारलेले नियम त्यांनी पुन्हा वाचावेत. ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या कचेरीत केलेल्या सर्वसाधारण व्यवस्थापनाची आहे. प्रकल्प प्रत्यक्ष चालवण्याचा खर्च तीत धरलेला नाही. शिवाय सुरू झालेल्या वर्षाखेरीज आणखी तीन वर्षे चालणारा प्रकल्प घ्यायलाही हे नियम मोकळीक देतात. म्हणजे एका मुलीच्या पदवीची पूर्ण मुदत त्यात बसते. कायदा आडवा येत नाही, सवय आड येते.

मग करायचे काय? मी चार ओळींत सांगतो. एक, ज्याला हात द्याल त्याला पदवीपर्यंतच्या रकमेचे लेखी वचन द्या, आणि पैसे ठरल्या तारखेला द्या. दोन, मुलांकडे पाहायला पगारी, जाणता माणूस ठेवा. खाडे वाढलेले दिसताच जो त्या मुलाच्या खोलीवर जाईल, असा. तीन, अडीअडचणीचा छोटा फंड वेगळा ठेवा, त्यातून आठ दिवसांत पैसे मिळावेत, आणि त्याच्या समितीत दोन विद्यार्थी आणि दोन पालक असावेत. कारण खाणावळीचा दर त्यांना आपल्यापेक्षा बरा ठाऊक असतो. चार, वार्षिक सभेत सोडून गेलेल्या मुलांची संख्या आणि कारणे वाचून दाखवा, नावे मात्र वाचू नका.

आणि हे सर्व करताना एक भान ठेवा. दान हे हक्काच्या जागी बसवायचे नाही. वसतिगृहात पुरेशा जागा, वेळेवर शिष्यवृत्ती, हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी भांडावे लागेल. देणगीदाराने ज्या खिंडारातून मुले गळतात ते दाखवून द्यावे, तोवर बुजवावे, आणि आपला हिशेब घेऊन सरकारच्या दारात उभे राहावे. कारण तो हिशेब पुरावा असतो. अमुक इतक्या खर्चात इतकी मुले पदवीधर होतात, हे आकड्यांनी सिद्ध केले की ‘ही मुले टिकतच नाहीत’ असे म्हणणाऱ्याचे तोंड बंद होते.

येत्या जूनमध्ये आपापल्या ट्रस्टच्या सभेला जाल तेव्हा पाकिटे वाटण्यापूर्वी उभे राहून एकच प्रश्न विचारा. तीन वर्षांपूर्वी ज्यांना दिले, ते आज कोठे आहेत? उत्तर नसेल, तर त्या वर्षीचे पहिले काम तेच धरा. यादी काढा, एकेकाच्या घरी जा. जो अर्ध्यावर थांबला असेल त्याला विचारा की काय कमी पडले. पुष्कळांचे राहिलेले विषय अजूनही सुटू शकतात, आणि त्या मुलांचे वय अजून शिकण्याचेच आहे.