पुण्यात राहतो, म्हणून लिंक नाही?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत. ‘तुझ्या कामाबद्दल सांग, पण आम्हाला कळेल असं सांग’, अशी अटही आहे. माझं काम थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरचं. एखादा कार्यक्रम कोणाला दिसावा आणि कोणाला दिसू नये, हे ठरवणारा भाग आमची टीम लिहिते. त्यातल्या ‘दिसू नये’ या अर्ध्या भागाबद्दल आज बोलते. त्याचा आपल्या मेळाव्याशी काय संबंध, ते शेवटी येईलच.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलची एनएफएल ही व्यावसायिक लीग आहे. तिचा एक नियम अनेक वर्षं चालला. सामना ज्या गावात, त्या गावातल्या टीव्हीवर तो दाखवायचा नाही. बाकी देशाने खुशाल बघावा. कारण सरळ होतं: घरी फुकट दिसलं तर तिकीट कोण काढेल? सगळी तिकिटं संपली असली तरी गावात पडदा बंदच. १९७२च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या संघाचा महत्त्वाचा सामना होता. निक्सन सरकारने बंदी उठवण्याची विनंती केली, तरी लीगने ऐकलं नाही.

मग १९७३मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला. सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं विकली गेली, तर गावातही सामना दाखवायचा. नाही गेली, तर मैदानापासून ७५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १२० किलोमीटरच्या परिसरात तो दिसणार नाही. हे वर्तुळ नेहरू स्टेडियमभोवती काढून बघा. लोणावळा, बारामती, सातारा सगळे आत. म्हणजे कोल्हापूरचा माणूस पुण्याचा सामना बघणार आणि पर्वतीच्या पायथ्याशी राहणारा काळा पडदा बघणार!

असा नियम असला की पळवाटाही येतात. मुदत संपत आली की एखादा स्थानिक दुकानदार किंवा कंपनी उरलेली तिकिटं विकत घेऊन टाकायची, म्हणजे गावाला सामना दिसायचा. २०१२मध्ये लीगनेच संघांना सवलत दिली, ८५ टक्के तिकिटं गेली तरी चालेल म्हणून. २०१३च्या हंगामात २५६ सामन्यांपैकी फक्त २ सामन्यांना गावबंदी झाली. सप्टेंबर २०१४मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने या बंदीला असलेला सरकारी आधार एकमताने काढून घेतला. आयोगाचं म्हणणं असं की लीगचा मुख्य पैसा आता तिकिटांतून येत नाही, टीव्हीच्या हक्कांतून येतो, मग प्रेक्षकाला शिक्षा कशाला? २०१५च्या हंगामापासून लीगने स्वतःच नियम बाजूला ठेवला. मैदानं ओस पडली नाहीत.

दुसरी बाजूही सांगते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. साठच्या दशकापासूनची ही प्रथा आहे. मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसले, तर लहान गावातल्या लहान संघाच्या मैदानावर कोण जाणार, ही त्यामागची काळजी. ती खोटी नाही. दारावरच्या पैशांवर ज्याचा संसार चालतो, त्याला रिकामी खुर्ची खुपतेच.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दाराने आला. १९९३च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ला निकाल लागला. त्यातलं मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. पुढे ते आपल्या पुण्यातच राहिले. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारची खासगी नाही आणि पैसेवाल्याचीही नाही, असं न्यायालयाने सांगितलं. आणि प्रक्षेपणाचा विचार करताना बघणाऱ्याचाही हक्क धरला.

तरी २१ जानेवारी २००७ला नागपुरात काय झालं? भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. सौरव गांगुलीने संघात परतून ९८ धावा केल्या. हक्क एका खासगी वाहिनीकडे होते आणि दूरदर्शनला थेट चित्र मिळालं नाही. मैदान नागपूरचं, पण ज्या नागपूरकराच्या घरी फक्त दूरदर्शन, त्याला आपल्याच गावातला सामना दिसला नाही. पुढे दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने दूरदर्शनला सात मिनिटं उशिरा चित्र मिळू लागलं. त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र प्रसार भारतीला द्यावंच लागतं, ते त्या कायद्यामुळे.

आता आपल्याकडे येते. आयोजन समितीची मंडळी पहिल्याच रांगेत बसली आहेत आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. हॉलचं भाडं, केटररला आधी सांगावी लागणारी ताटं, फोन करकरून गोळा केलेली वर्गणी, हे सगळं त्यांनी केलं म्हणून आपण इथे बसलोय. त्यांनी ठरवलं की आजच्या कार्यक्रमाची लिंक फक्त पुण्याबाहेरच्यांना द्यायची. पुणेकरांना दिली, तर ते घरीच बसतील. तुमच्या लक्षात आलं असेल, हा त्या अमेरिकन लीगचाच नियम आहे.

तांत्रिक बाब आधी सांगते. हे जमत नाही. इंटरनेटच्या पत्त्यावरून माणूस कुठे आहे, याचा आम्ही फक्त अंदाज बांधतो. कोथरूडमधला मोबाइल पुष्कळदा मुंबईत दिसतो. तेव्हा आमच्या यंत्रासमोर पुणेकर कोण, हे ठरवणं अवघड आहे. पुणेकर स्वतः ते लगेच सांगेल, ती गोष्ट वेगळी.

पण खरा मुद्दा माणसांचा आहे. न्यू जर्सीतला आपला मित्र आत्ता आपल्याला बघतोय. आपल्या गणिताच्या बाई मात्र इथून तीन किलोमीटरवर आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना जिना उतरवत नाही. आपल्या वर्गातली एक मैत्रीण सदाशिव पेठेत राहते. तिच्या आईला विस्मरणाचा आजार आहे, आईला एकटं सोडून तिला तासभरही बाहेर पडता येत नाही. तिने मला फोन करून विचारलं, ‘मी पुण्यात राहते, म्हणून मला लिंक नाही का गं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी बसणारे सगळे आळशी असतात, असं धरून आपण नियम केला आणि तो नेमका ज्यांना येता येत नाही त्यांच्यावर पडला.

लिंक दिल्याने खुर्च्या रिकाम्या होतील, असं मला वाटत नाही. आपली दहावीची परीक्षा तोंडावर असताना, २९ फेब्रुवारी १९९६ला, नेहरू स्टेडियमवर केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३मध्ये गुंडाळलं. ‘मी तेव्हा मैदानात होतो’ म्हणणाऱ्याचा रुबाब आजही उतरलेला नाही. आज सकाळी व्हरांड्यात सरांनी ज्याचा कान धरला, त्याला ते लिंकवर मिळालं असतं का?

म्हणून समितीला माझी विनंती आहे. पुढच्या मेळाव्यापासून लिंक सगळ्यांना द्यावी. घरून बघणाऱ्यांकडे शाळेच्या ग्रंथालयासाठी ऐच्छिक वर्गणी मागावी, लोक देतील. आणि ज्यांना येता येत नाही, त्यांच्या घरी आपल्यापैकी एकाने फोन घेऊन जाऊन बसावं. बाईंकडे जायची पाळी माझी. त्या दिवशी इथली माझी खुर्ची रिकामी दिसली, तर कृपया तिच्यावरून नवा नियम करू नका.