बोटाच्या टोकावरील वर्णपट

स्टोव्हच्या निळ्या ज्योतीत मिठाची चिमूट पडली की ज्योत तत्काळ पिवळी होते. गृहिणींस हे नित्याचेच. ती सोडियमची खूण होय. ज्योतीचा प्रकाश लोलकातून फोडून, वर्णपटातील अशाच खुणांवरून बुन्सेन व किर्खोफ यांनी १८६० साली झऱ्याच्या पाण्यात सीझियम हे नवे मूलद्रव्य शोधिले.

तीच विद्या २०२० च्या कोविडच्या साथीत बोटाला लावावयाच्या चिमट्याच्या रूपाने घरोघरी आली. प्राणवायूयुक्त रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते, अवरक्त अधिक. प्राणवायू गमावलेल्या रक्ताचे याच्या उलट. नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा भागच तेवढा मोजावयाचा, ही नामी युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७४ मधली. मात्र सावळ्या त्वचेवर आकडा कधीकधी वास्तवाहून अधिक दिसतो. म्हणून यंत्र ९५ दाखवीत असले, तरी रोग्यास धाप लागली असल्यास डॉक्टरांस बोलवावेच.