ऐकू येण्याचा हिशेब
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस, तेव्हा हिशेबच सांगणार.

तीन वर्षांपूर्वीच्या आपल्या वार्षिक सभेत लिफ्टच्या जादा वर्गणीचा ठराव होता. मी हात वर केला. शेजारचे चमकले, कारण आदल्या दिवशी मीच जिन्यात सगळ्यांना सांगत होतो की याला विरोध करणार. मला वाटलं, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं चाललंय! तुम्ही हसलात, मीही हसलो.

घरी मात्र हे आधीच दोन वर्षं चालू होतं. सौ. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. मग एकदाच सांगू लागली, पुढे तर कामापुरतंच. एका संध्याकाळी विचारलं, "आज गप्प का?" म्हणाली, "ताईला अॅडमिट केलंय, सकाळीच सांगितलं. तुम्ही हूं म्हणालात." मी पेपर वाचत होतो. दिवसभर ती एकटीच ते घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी कान तपासायला गेलो. दोन्ही कानांत साधारण ५५ डेसिबलची घट. आपल्या वयात उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे स, श, फ, थ अशी अक्षरं निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. तेव्हा घरच्यांनी नुसतं ओरडून फारसा फायदा नाही, समोर येऊन सावकाश बोलावं.

दुकानात दोन्ही यंत्रांचा आकडा सांगितला १,६०,०००. "सर, यात ब्लूटूथ आहे." माझा मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी पेन्शनमधून जातो, आजवर एकही क्लेम नाही. निर्धास्तपणे चौकशी केली. नकार आला. पॉलिसी काढून वाचली तर चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र वगळल्याचं कलम स्पष्ट छापलेलं. आयुष्यभर कर्जदारांना 'वाचून सही करा' म्हणणारा मी! आणखी गंमत म्हणजे ज्या ज्येष्ठाचा आरोग्य विमाच नाही, त्याला जुन्या करपद्धतीत वैद्यकीय खर्चाची ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मी विमा घेतला, म्हणून तीही गेली.

सरकारी योजना आहेत, पण मी कुठेच बसलो नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात 'कमी ऐकू येणे' म्हणजे दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे. माझे ५५, म्हणजे पाचाने नापास. २०१७ ची केंद्राची वयोश्री योजना गरीब ज्येष्ठांसाठी आहे. २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरील, दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये खात्यात देते. आपल्याला नाही, पण आपल्या वॉचमनच्या वडिलांना, घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या सासूबाईंना मिळू शकतात. फॉर्म भरून द्यायला मी बसेन, बँकेची सवय आहेच. आणि केंद्र सरकारच्या निवृत्तांनी सीजीएचएसमध्ये जरूर विचारावं, तिथे ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च मिळतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी भरतो." मी नको म्हटलं. तुला घराचा हप्ता आहे वगैरे. खरं कारण अभिमान. त्यात आठ महिने गेले आणि त्या आठ महिन्यांत घर आणखी गप्प झालं. हा खर्च कुठल्याही पासबुकात दिसत नाही.

शेवटी आपल्याच मजल्यावरच्या एका बाईंनी वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेचं नाव सुचवलं. केंद्र सरकारची, खास वाचा-श्रवणाची संस्था. डोंबिवलीहून दादर, तिथून वांद्रे, मग रिक्षा. दमछाक होते, पण तिथे विकण्याची घाई कोणाला नव्हती. तिथल्या बाईंनी विचारलं, "दिवसभर कोणाशी बोलता?" म्हटलं, बायकोशी, फोनवर नातीशी आणि महिन्यातून एकदा कमिटीशी. म्हणाल्या, मग मधल्या किमतीचं डिजिटल पुरेल. दोन्ही कानांचे ५२,००० झाले. एफडी मुदतीआधी मोडली, एक टक्का व्याज गेलं. जन्मभर लोकांना 'मोडू नका' सांगितलं होतं.

घेणाऱ्यांसाठी थोडं. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिलात लावला असेल तर विचारा. घरी वापरून बघायला मागा, दुकानातल्या शांत खोलीत सगळंच छान ऐकू येतं. माझ्या यंत्राला ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरची बॅटरी लागते, आठवडाभर जाते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आणि पहिले पंधरा दिवस कंटाळू नका. मला पेपरची घडी फटाक्यासारखी वाजत होती, स्वतःचं चावणंही ऐकू येत होतं. माझ्या ओळखीच्या दोघांची यंत्रं याच कारणाने कपाटात पडून आहेत.

आता सौ. एकदाच सांगते. काही गोष्टी न ऐकलेल्याच बऱ्या होत्या, ते सोडा. मेहुणीबाई घरी आल्या, दोघी बहिणी तासभर स्वयंपाकघरात बोलत होत्या आणि बाहेर बसून मला सगळं समजत होतं. उठलो नाही.

पॉलिसीतल्या त्या पानाची झेरॉक्स आणि योजनांचे फॉर्म सोबत आणले आहेत, ज्यांना हवेत त्यांनी घ्यावेत. नंतर वाटलं तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. बेल एकदाच वाजवा.