काजूचे टरफल आणि गाडीचा ब्रेक
(बिबवेवाडी, पुणे येथील भाषण)



बिबवेवाडी म्हटले की बिबवा आठवतो. बिबा अंगावर उततो, हे आपण जाणताच. काजू हा त्याच कुळातला. काजूच्या टरफलातही तसेच दाहक तेल असते. कारखान्यात या तेलावर प्रक्रिया करून कडक भुकटी बनवितात व ती वाहनांच्या ब्रेक लायनरमध्ये मिसळतात. तिच्यामुळे ब्रेकची पकड सांभाळली जाते व कर्कश आवाज कमी होतो. लायनरमधील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक ठरली. त्याची जागा आता इतर तंतू घेतात; काजूची भुकटी त्यांच्याही जोडीला लागते.

वेंगुर्ला-४ जातीच्या १०० किलो बियांतून सुमारे ३१ किलो गर मिळतो. बाकी बहुतेक टरफलच! त्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा भाग तेल घाण्यातून निघू शकते. बी उघड्या भट्टीत भाजल्यास तेल जळते व धूर होतो. म्हणून बी वाफेवर शिजवून फोडावी. तेल काढल्यावर उरलेली पेंड बॉयलरला जळण म्हणून चालते. गुरांना मात्र घालू नये. टरफले हाताळताना हातमोजे वापरावेत.

एकट्याची टरफले थोडीच भरतात. गावातील काजू प्रक्रिया करणाऱ्यांनी ती एकत्र, कोरडी साठवून तोलून विकावीत. लायनर मात्र घरी बनवू नये. तेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. ते काम कारखान्याचे व चाचणीचे.

कच्ची बी विकताना टरफलही जाते, हे ध्यानात ठेवून भाव ठरवा.